चरत चरत गेलेला उजेड

मल्लिकार्जुन उंबरजे गुरुजींचं लहानपण सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात गेलं. वडील, शरणप्पा, गिऱ्हाइकासमोर पितळी परात उभी धरून तिला टिचकी मारायचे आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत. छोट्या मल्लिकार्जुनला प्रश्न पडायचा, हा नाद जातो कुठे? दुकानाच्या पायरीवरून उतरून सात रस्त्यांपैकी कुठल्या रस्त्यानं जातो, आणि कुठवर पोचतो? वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "परात विकली गेली की गिऱ्हाइकासंगं जातो. तू आधी ती ताटं पूस."

पुढे मुलगा दुकानात रमला नाही, शिक्षक झाला. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि नोकरी अशा वस्त्यांवर की जिथे एसटी यायची ती चालकाच्या मर्जीनं. पण टिचकी मारून थांबायची सवय त्यांच्यात राहिली. वर्गात एखादी गोष्ट सांगितली की ते गप्प बसून मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत राहत. नाद कुठवर गेला, ते बघत. नवीन आलेल्या पालकांना वाटायचं, मास्तर पुढचं विसरले.

या वर्षी ते मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, माळावरच्या एका शाळेत होते. दोन खोल्या, एक ओसरी, आणि समोर नजर थकेपर्यंत माळ. मुलं बहुतेक धनगरांची. आठवडाभर गुरुजी मंगळवेढ्यात खोली करून राहत आणि शनिवारी मोटारसायकलवरून सोलापूरला, आईकडे जात.

दिवाळीच्या सुट्टीला दोन आठवडे उरले होते. पाचवीच्या वर्गात गुरुजींनी सूर्यमालेचा तक्ता भिंतीवर टांगला. एका कडेला अर्धा सूर्य, शेजारी ओळीनं आठ ग्रह, पंगतीत वाट्या मांडाव्यात तसे. नेपच्यूनवर छडी ठेवून ते म्हणाले, "आणि हा सगळ्यात लांबचा. इतका लांब, की सूर्याचा उजेड निघाला की इथे पोचायला चार तासांच्या वर लागतात."

ते थांबले. चेहऱ्यांकडे बघू लागले. मागच्या ओळीतली ऋतुजा उठली, ओळीतून वाट काढत तक्त्यापाशी आली आणि तिनं सूर्यावर एक हात, नेपच्यूनवर दुसरा हात ठेवला.

"गुरुजी, माझ्या दोन हातांत मावतंय की. लांब कुटं हाय?"

वर्ग हसला. ऋतुजा हसली नाही. ती धुळा धनगराची मुलगी, वयाच्या मानानं गंभीर. स्वतः पाहिल्याशिवाय कशालाही मान न डोलावणारी. कोकरू आजारी आहे असं कुणी सांगितलं तरी ती आधी त्याचे कान चाचपून बघायची.

"चित्रात जवळ काढलेत, बाळ. कागद पुरत नाही म्हणून."

"मंजी चित्र खोटं हाय."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. कितीतरी वर्षं ते हाच तक्ता टांगत आले होते. "हो," ते म्हणाले. "हे चित्र खोटं आहे."

"मग चार तास बी खोटंच असंल," ऋतुजा म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. बाजारातल्या शेळीचे दात बघून वय ठरवावं, तसा तिनं निकाल दिला होता.

गुरुजींना ते लागलं, कारण ऋतुजाकडे वेळ नव्हता. दिवाळी झाली की धुळा मेंढरं घेऊन पश्चिमेला, उसाच्या पट्ट्यात निघणार होता. दर साली जायचा. आजवर ऋतुजा आजीजवळ राहायची, पण यंदा आजी थकली होती आणि तीही कळपाबरोबर निघणार होती. वाटेत ज्या गावाला मुक्काम पडेल तिथल्या शाळेत ती बसेल, असं धुळानं कबूल केलं होतं. गुरुजींना चिंता शाळेची नव्हती. चिंता वेगळीच होती. ही पोर आता कित्येक महिने उघड्या शेतात, आभाळाखाली झोपणार. माथ्यावर अख्खं आभाळ पसरलेलं असणार, आणि त्याबद्दल शाळेत ऐकलेलं सगळं खोटं, असं मनात धरून ती निजणार. तेवढं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी ते सोलापूरला गेले तेव्हा आई, शिवबाई, अंगणात शेंगा फोडत होती.

"अव्वा, बाबांची ती मोठी परात हवीय."

"याक बेकु?" आईनं विचारलं. कशाला हवी?

"सूर्य करायचाय."

शिवबाईंनी शेंग फोडता फोडता मुलाकडे पाहिलं. पन्नाशीला टेकलेला मुलगा. "बरं," त्या म्हणाल्या. "पण घासून परत आण. तुझ्या शाळेतला सूर्य माझ्या पुरणाला लागतो."

सोमवारी परात ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. चिंच लावून घासलेली, बघवत नव्हती इतकी लखलखीत.

"हा सूर्य," गुरुजी म्हणाले. "आता याच्या मापानं पृथ्वी केवढी, सांगा."

कुणी म्हणालं वाटी, कुणी म्हणालं लिंबू. गुरुजींनी खिशातून मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक टपोरा दाणा काढून तळहातावर ठेवला. मुलं जवळ आली. "ही पृथ्वी. सोलापूर, मुंबई, समुद्र, सगळं या दाण्यावर."

"आन् आमची मेंढरं?" बिरुदेवनं विचारलं. हा वर्गातला बोलका पोरगा. गप्प बसला तर आजारी आहे असं समजावं.

"तीही."

परात आडवी केली. मुलांनी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकाला एक लावून दाणे मांडले. शंभरावर गेले तेव्हा कुठे पलीकडचा काठ आला. दाणे मांडता मांडता गोंगाट कमी होत गेला. शेवटचा दाणा ठेवला तेव्हा शाळेत भात शिजवणाऱ्या गोजाबाई दारातून म्हणाल्या, "गुरुजी, पृथ्व्या नीट गोळा करा हां. कोंबड्या हिंडतात हितं."

मग गुरुजींनी बाकीचे ग्रह काढले. बुधाला राजगिऱ्याचा दाणा, शुक्राला ज्वारीचाच, मंगळाला बाजरीचा. गुरूला लिंबू. शनीला त्याहून लहान लिंबू, आणि कड्यासाठी गोजाबाईंची बांगडी. युरेनस आणि नेपच्यूनला दोन काचेच्या गोट्या, त्यातली निळी नेपच्यूनची. ही निळी गोटी त्यांनी ऋतुजाच्या हातात दिली.

पृथ्वी पटांगण ओलांडून फाटकापाशी गेली. गुरुजींनी तिच्याशेजारी, अर्ध्या वितीवर, खसखशीचा एक दाणा ठेवला. "हा चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त लांब गेला तो एवढाच. अर्धी वीत." मुलांनी त्या अर्ध्या वितीकडे पाहिलं, मग माळाकडे पाहिलं.

मंगळ हातपंपाशी. त्यानंतर बराच वेळ काहीच येईना. चालता चालता बिरुदेव म्हणाला, "गुरुजी, गुरू चुकला का काय वाटंत?" शाळा मागे पडली तेव्हा लिंबाची जागा आली. शनी धुळाच्या मेंढरवाड्याच्या कुंपणापाशी. युरेनस तिथून आणखी तेवढंच पुढे, एकट्या बाभळीखाली. आणि नेपच्यून थेट माळाच्या टोकाला, बिरोबाच्या ठाण्यापाशी, जिथे एरवी पोरं फक्त जत्रेला जायची.

ऋतुजा निळी गोटी घेऊन तिथे उभी राहिली. शाळेकडे वळून तिनं पाहिलं. शाळा काड्यापेटीएवढी दिसत होती.

"लांब हाय," ती म्हणाली. एवढंच. गुरुजींना बरं वाटलं. पण लगेच तिनं विचारलं, "आन् चार तास? मी पळत निघाले तर शाळंचा एक तास सरायच्या आत हितं येते. उजीड माझ्यापरीस हळू चालतोय व्हय?"

गुरुजींनी जमिनीवर काडीनं हिशेब मांडला. मग पुन्हा मांडला. त्यांनाच खरं वाटेना. सगळ्या जगात ज्याच्याइतक्या वेगानं काहीही जात नाही असं ते आयुष्यभर शिकवत आले, तो उजेड या मापात एक हात जमीन ओलांडायला पाच सेकंद घेत होता.

"हो," ते हळूच म्हणाले. "इथे तो तुझ्यापेक्षा खूप हळू चालतो. आभाळच एवढं मोठं आहे, बाळ."

मुलांनी लगेच उजेड व्हायचा प्रयत्न केला. एक पाऊल उचलायचं, अधांतरी धरायचं, पाच आकडे मोजून टेकवायचं. बिरुदेव तिसऱ्या पावलाला कुसळात कोसळला. "उजेड पडला!" पोरं ओरडली. इतकं हळू कुणालाच चालता येईना.

ऋतुजा बघत होती. "असं मेंढरं चालत्यात," ती म्हणाली. "चरताना. एक घास, एक पाऊल."

गुरुजींनी हातातली काडी टाकली आणि विचारलं, तिचा बाप संध्याकाळी वाड्यावर असतो का.

संध्याकाळी ते धुळाकडे गेले. धुळा वाड्याचं कुंपण बांधत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, ओठात धरली.

"मास्तर, मेंढरांची नावं काय शाळंत घातली न्हाईत मी."

"एकच दिवस, धुळा. शाळेपासून बिरोबापर्यंत चरत जायचं. माळ तुझ्या पायाखालचाच आहे की."

"जातील की. पण हाकायची न्हाईत. हाकलं की मेंढरू चरत न्हाय."

"हाकायची नाहीतच. उजेडाला कोण हाकतं?"

धुळानं मुलीकडे पाहिलं. ती कोकराला बाटली पाजत होती, पण कान इकडे होते. "हिच्यापायी," तो म्हणाला. "न्हायतर रोज रात्री माझं डोकं खाईल."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि परातीच्या पायापासून शंभरावर मेंढरं आणि चार-पाच शेळ्या चरत निघाल्या. गोजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता मी सूर्य राखत बसू का भात शिजवू?" गुरुजी म्हणाले, "दोन्ही करा, गोजाबाई. सूर्यही तेच करतो."

कळप पटांगणातून फाटकाशी आला. पृथ्वीचा दाणा धरून बसलेल्या दोन मुलींनी गुरुजींच्या मोबाइलवर पाहिलं. आठ मिनिटं, आणि वर थोडी. "आत्ता तुमच्या अंगावर पडलेलं ऊन," गुरुजी म्हणाले, "एवढ्या वेळापूर्वी तिथून निघालंय." मुलींनी आधी उन्हात हात धरले, मग मेंढरांच्या पाठीवर ठेवले.

कळप फाटकातून बाहेर पडला तसा पसरू लागला. पटांगणात खांद्याला खांदा लावून निघालेली मेंढरं माळावर मोकळी झाली, दोघांत चार हात, मग दहा हात अंतर पडलं. मुलं बाजूबाजूनं चालत होती. हातपंप गेला. लिंबू गेलं, म्हणजे लिंबू होतं पण बिरुदेव ते हुंगत उभा होता, आणि गुरुजींनी त्याला ताकीद दिली की गुरू ग्रह भाताबरोबर पिळायचा नाही. मधल्या सुट्टीत मुलं पळत शाळेत जाऊन भात खाऊन पळत परत आली, तरी उजेड अजून शनीच्या थोडाच पुढे होता. आपण जेवून आलो तरी उजेड तिथेच, याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की ती कळपाच्या कडेनं मुकाट चालू लागली.

ऑक्टोबरचं ऊन चढलं. आणि बाभळीपाशी, युरेनसला येताच, मेंढरं थांबली.

आधी एक थांबलं, मग त्याच्या पोटाखाली दुसऱ्यानं डोकं घातलं, मग तिसऱ्यानं. बघता बघता सगळा कळप बाभळीच्या सावलीत एकमेकांत डोकी खुपसून लोकरीचा एक ढीग झाला.

"उजेड थांबला!" पोरं ओरडली.

गुरुजी धुळाकडे धावले. "अरे, थांबून कसं चालेल?"

"दुपारची इसाव्याला बसणारच की, मास्तर. मेंढरू हाय ते. माझ्या बापाचं बी बसत हुतं, आज्याचं बी."

"थोडं हाकलून बघ."

"तुमीच म्हणला, हाकायची न्हाईत. आन् या उन्हात मी हाकणार बी न्हाय." धुळा बाभळीला पाठ लावून बसला. त्याचं बरोबर होतं. दुपारच्या विसाव्याची ही रीत या माळावर शाळेच्या कितीतरी आधीपासून होती, आणि गुरुजींनी हिशेबात सगळं धरलं होतं, तेवढंच धरलं नव्हतं.

त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. ती निळी गोटी मुठीत धरून ढिगाऱ्यासारख्या बसलेल्या कळपाकडे बघत होती. तिच्या कपाळावर तीच आठी होती, तक्त्यापुढची.

"गुरुजी, उजीड वाटंत थांबतोय?"

काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. वाटेत काही आडवं आलं की उजेड अडतो, असं म्हणता आलं असतं, आणि वर्गानं मानही डोलावली असती. गुरुजींनी चष्मा पुसला.

"नाही. उजेड विसावा घेत नाही. ही मेंढरं थांबली, तो उजेड नव्हे. इथे आपला खेळ कमी पडला, ऋतुजा. मी दुपार धरायची विसरलो."

ऋतुजाची नजर त्यांच्या खांद्यावरून पुढे गेली.

"कबरी थांबली न्हाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाभळीच्या पलीकडे, भर उन्हात, एक ठिपक्यांची शेळी एकटीच चालली होती. बाकीच्या शेळ्या बाभळीच्या शेंगांत गुंतल्या होत्या. कबरी मात्र एका झुडपाचा शेंडा खुडायची, एक पाऊल टाकायची, दुसऱ्याचा खुडायची. मागे कळप आहे की नाही, याची तिला काही फिकीर नव्हती.

"ती तसलीच हाय," धुळा बसल्या जागेवरून म्हणाला. "हिच्यावानी." आणि त्यानं लेकीकडे हनुवटी केली.

ऋतुजा कबरीच्या मागे निघाली. मग गुरुजी, मग बिरुदेव, मग एकेक करत सगळा वर्ग. शेळी थांबेल म्हणून कुणी पावलांचाही आवाज करत नव्हतं. एवढ्या मोठ्या माळावर पुढे एक शेळी आणि मागे तिच्या चालीनं चालणारी शाळा. बाभूळ मागे राहिली. माळ नुसता उताणा पडला होता. गुरुजींच्या मनात आलं, आपण आयुष्यभर एका छडीच्या टोकानं ही एवढी वाट क्षणात ओलांडत आलो, आणि या वाटेवर असं कधी चाललोच नाही. त्यांचे पाय दुखू लागले होते आणि त्यांना ते थांबवायचे नव्हते.

दुपार कलायला लागली तेव्हा कबरी बिरोबाच्या ठाण्यापाशी पोचली. तिनं चौथऱ्याजवळची दोन पानं खाल्ली, आणि अंग झाडलं. गुरुजींनी मोबाइल बघितला. चार तास होऊन गेले होते.

मुलं चौथऱ्याभोवती खाली बसली. लांब, खूप लांब, शाळा होती. मधे कुठेतरी बाभळीखाली कळप होता.

"एवढी निघाली हुती," ऋतुजा म्हणाली. "आन् हितं एकच आली."

हे गुरुजींनी ठरवलं नव्हतं. हे त्यांना सुचलंही नसतं.

"ऋतुजा," ते म्हणाले, "उजेड थांबत नाही, हे खरं. पण तो पसरतो. आपली मेंढरं फाटकातून बाहेर पडल्यावर पांगली ना, तसा. जितका लांब, तितका विरळ. आपल्या पृथ्वीवरच्या उन्हाचे नऊशे भाग केले, तर त्यातला एक भाग नेपच्यूनवर पोचतो. एवढ्या कळपातलं असं एखादंच."

गुरुजींनी शाळेत फोन लावला. "गोजाबाई, परात उचलून उन्हाकडं धरा, आणि जरा इकडंतिकडं हलवा."

"सूर्य हलवू?" फोनमधून सगळ्यांना ऐकू आलं. "बाई, आणखी काय काय करायचं या पगारात!"

थोडा वेळ काही दिसलं नाही. मग काड्यापेटीएवढ्या शाळेपाशी एक ठिणगी चमकली. विझली. पुन्हा चमकली. परात दिसत नव्हती, तिचा आकारही नव्हता. भर दिवसा, जमिनीवर, नुसती एक चांदणी.

"नेपच्यूनवरून आपला सूर्य असाच दिसतो," गुरुजी म्हणाले. "मोठी चांदणी. आणि रात्री आपल्याला दिसतात त्या चांदण्या म्हणजे लांबच्या पराती. सगळ्यात जवळची दुसरी परात कुठे मांडावी लागेल, माहितीय? या मापात थेट अमेरिकेत."

"तितनं बी उजीड चरतच येतोय?"

"चरतच. तुम्ही वाटेवर असाल तेव्हा रात्री व्याध उगवेल, तुझ्या बापाला ठाऊक आहे, सगळ्यात झळझळीत चांदणी. तिच्याकडे बघशील तेव्हा तुझ्या डोळ्यात येणारा उजेड तिथून निघालाय तो तू नुकती चालायला लागलीस तेव्हा. तेव्हापासून तो वाटेवर आहे. एकदाही न थांबता."

ऋतुजा त्या ठिणगीकडे बघत राहिली. तिनं विचारलं, "मंजी आज तिकडनं जो निघाला असंल..."

"तो तू वीस वर्षांची होशील तेव्हा पोचेल."

"वाटंवर हाय मंजी," ती म्हणाली. आपल्या माणसाबद्दल सांगावं तसं. दर साली कळप वाटेवर असायचा तेव्हा आजी घरात हेच म्हणायची.

ती उठली. बिरोबाच्या पायापाशी कुणीतरी ठेवलेला भंडारा होता. लांबच्या मुक्कामाहून परतलेल्या जनावराच्या कपाळाला तो लावायची त्यांच्यात रीत आहे. ऋतुजानं चिमूटभर भंडारा घेतला, कबरीच्या दोन्ही शिंगांच्या मधे लावला, आणि हात तसाच तिच्या कपाळावर ठेवून उभी राहिली. कबरी सकाळी शाळेतून निघालेली, काल रात्री त्यांच्याच वाड्यात झोपलेली शेळी होती. पण कुणीही हसलं नाही.

"लई लांबनं आली," ऋतुजा म्हणाली.

मग तिनं निळी गोटी गुरुजींपुढे धरली. गुरुजींनी तिची मूठ मिटवली. "राहू दे. वाटेत लागेल."

तिकडे शाळेपाशी ठिणगी अजून चमकत होती. थांबा म्हणून गोजाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलं बसून राहिली, गुरुजीही बसून राहिले. टिचकी मारल्यावर नाद विरेपर्यंत वडील थांबायचे तसे, कुणाला काही न बोलता.